आठव्या अल्बममधला 'स'

१

'फुटका भोंगा' बँडच्या नऊही अल्बमच्या मूळ टेपा शांतिनाथ अण्णांच्या लोखंडी कपाटातून चोरीला गेल्या, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे बसले होते, आणि ती चोरी मी कानांनी ऐकली होती.

मी संयोगिता इंगवले. शाहूपुरीत माझं कानतपासणीचं छोटं क्लिनिक आहे. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना मी मशीन बसवून देते. त्या रविवारी दुपारी एकही पेशंट नव्हता. तरी मी क्लिनिकमध्येच होते, कारण नवरा गेल्यापासून घरी जाऊन कुणाशी बोलायचं हा प्रश्न सुटलेला नाही. साडेतीनच्या सुमाराला समोरच्या माडीवरून एक बारीक, टोकदार आवाज सुरू झाला. कुणीतरी दाताखाली शिट्टी धरून ठेवावी तसा. मी सवयीनं घड्याळ बघितलं. आवाज वीस मिनिटं वाजला आणि तुटल्यासारखा थांबला. मी उठून खिडकीशी गेले नाही. याची टोचणी अजून आहे.

सोमवारी सकाळी अण्णांची बायको दीपा मला बोलवायला आली, रविवारी समोरून काही दिसलं का ते विचारायला. समोरच्या माडीवर अण्णांची रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वर एकच पंखा, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवायचा. अठ्ठावीस वर्षं अण्णांनी 'फुटका भोंगा'चा प्रत्येक अल्बम टेप केला होता. पंक रॉक म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ही तीन पोरं किंचाळत होती, आणि आता पन्नाशी ओलांडली तरी किंचाळत होती. त्यांच्या नऊ अल्बमचा एक संच निघणार होता. त्यासाठी बंगळूरहून एक साउंड इंजिनिअर त्याच सकाळी मूळ टेपा न्यायला आला होता. अण्णांनी कपाट उघडलं, तर नऊही खोके गायब.

मूळ टेप म्हणजे काय, ते अण्णांनी मला समजावलं. बाजारात जाते ती कॅसेट म्हणजे शिजलेली भाजी. मूळ टेपमध्ये गिटार वेगळी, ड्रम वेगळे, आवाज वेगळा. हवा तो एकटा काढून ऐकता येतो. पहिले तीन अल्बम रुंद टेपांवर होते, पुढचे हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत कुठंही नव्हती.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागं असते, आणि अण्णा-दीपा सोडून ते बँडमधल्या तिघांनाच माहीत. रविवारी अण्णा आणि दीपा कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला गेले होते, हेही तिघांना माहीत होतं. पोलिसांत जायला अण्णा तयार नव्हते. तिथं तिघांपैकी एकाचं नाव द्यावं लागलं असतं.

मी त्या शिट्टीबद्दल सांगितलं. अण्णांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. तोच आवाज. मागं एका रंगाऱ्यानं कपाट उघडं टाकलं आणि टेपांना ओल धरली, तेव्हापासून दार उघडं राहिलं की वाजणारा गजर त्यांनी बसवला होता. दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, लाल बटण होतं. ते दाबलं की गजर गप्प.

"वीस मिनिटं वाजत हुता?" अण्णा म्हणाले. "आसं कोण करंल ताई? बँडमधला परत्येक जण आधी त्या गजराला शिवी घालतोय, बटन दाबतोय, मग कपाटात हात घालतोय."

चोरानं मात्र भर दुपारी, उघड्या खिडकीशी, वीस मिनिटं तो गजर वाजू दिला होता.

२

अण्णांनी इंजिनिअरला एक महिन्यानं परत या म्हणून सांगितलं आणि मला गुपचूप चौकशी करायची विनंती केली. मी त्याच दिवशी बँडमधल्या दोघांना भेटले.

वृषभ हा ड्रमवाला. त्याचं फरशा आणि टाइल्सचं दुकान आहे. आता तो जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, पाठशाळेच्या समितीवर आहे आणि दुकानात बसताना कपाळाला गंध असतं. तिसऱ्या अल्बममध्ये एक गाणं त्याच्या वडिलांच्या दुकानावर होतं, नाव घेऊन, आणि ते समितीतल्या लोकांच्या कानावर जाऊ नये असं त्याला वाटत होतं. हे त्यानं स्वतःहून सांगितलं. ते गाणं संचातून काढा म्हणून त्यानं अण्णांना दोनदा विनवलंही होतं.

"ते एक गाणं गेलं तर मी पेढं वाटीन," तो म्हणाला. "पण नऊच्या नऊ? माझी सगळी तरणी वर्षं त्या कपाटात हुती, मॅडम."

बोलता बोलता माझ्या मनगटावरचं घड्याळ तास झाला म्हणून बारीक वाजलं आणि त्यानं लगेच स्वतःचा मोबाईल बघितला. वृषभचे कान चांगले होते. ड्रम बडवताना तो कायम कानात कापूस घालायचा आणि बाकीचे दोघे त्याला त्यावरून हसायचे, असं त्यानंच सांगितलं.

कृष्णात हा गिटारवाला. विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं छोटं दुकान आहे. तिथं तांब्याच्या तारेच्या वासात मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो उत्तर देत होता. रविवारी दुपारी दुकानात होतो, एकटाच, कुणी बघितलेलं नाही. हातातली तार तो गुंडाळत होता आणि सोडत होता. मग त्यानं विचारलं, "आठवा आन् नववा पण गेला?" मी हो म्हटलं. त्यानं मान खाली घातली. थोड्या वेळानं, दुसरंच काही बोलणं चाललं असताना, त्यानं तेच पुन्हा विचारलं.

नऊ अल्बम गेले होते आणि त्याला दोनांचीच काळजी होती.

तिसरा बुद्धभूषण. गाणी लिहिणारा, गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा. तो रविवारी संध्याकाळीच मलकापूरला बहिणीकडे गेल्याचं कळलं. त्याच्याबद्दल मला तिघांकडून तीन तक्रारी मिळाल्या. वृषभ म्हणाला, त्याला घमेंड चढली आहे, फोन उचलतच नाही, मेसेज कर म्हणतो. कृष्णात म्हणाला, २०१९ नंतर त्यानं स्टेजवर यायचं बंद केलं, कारण विचारलं तर घसा सांगतो. अण्णा म्हणाले, रेकॉर्डिंगला तो हेडफोनचा आवाज इतका मोठा ठेवतो की शेजारी बसणाऱ्याचं डोकं दुखावं. शिवाय हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा, तो कारण न सांगता दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्त झाला होता.

अण्णांकडं बाजारात आलेल्या कॅसेट आणि सीड्यांचा एक पुरा संच होता. तो मी मागून घेतला. अण्णा द्यायला जरा कचरले.

३

मंगळवारी मी क्लिनिक बंद ठेवलं आणि सकाळपासून नऊही अल्बम ओळीनं ऐकले. अशी गाणी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

पहिला अल्बम १९९७ चा, 'लाऊडस्पीकर बंद करा'. हंगाम संपलेल्या एका गुऱ्हाळात टेप केलेला. मागं कुत्रं भुंकतंय तेही तसंच ठेवलंय. गाणी दोन-दोन मिनिटांची, सूर तीनच, आणि त्यावर बावीस-तेवीस वर्षांच्या बुद्धभूषणचा आवाज. नळाला पाणी येत नाही म्हणून, वर्गात मागं बसवलं म्हणून, प्रेमपत्र परत आलं म्हणून, सगळ्यासाठी एकच संताप. दुसऱ्यात तो जास्त चिडलेला आहे. चौथ्यात पुराचं पाणी घरात शिरलंय आणि तो चक्क हसतोय. मी तिथं टेप थांबवून चहा केला. एका माणसाची अठ्ठावीस वर्षं एका दिवसात ऐकायची म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं होतं.

पाचव्या अल्बमपासून मला वेगळं काही ऐकू यायला लागलं. ते गाण्यातलं नव्हतं, माझ्या धंद्यातलं होतं.

बारीक, वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी जातं. बोलण्यात त्या पट्टीत 'स', 'श' आणि 'फ' येतात. ज्याला स्वतःचा 'स' ऐकू येत नाही, त्याचा 'स' वर्षांगणिक बोथट होत जातो. त्याला ते कळत नाही. पाचव्या अल्बममध्ये बुद्धभूषणचा 'स' जरा सैल होता. सहाव्यात 'सगळे' हा शब्द 'थगळे'च्या जवळ गेला होता. २०१४ च्या सातव्या अल्बममध्ये तर मला काही ओळी कळल्याच नाहीत, आणि सूरही गिटारच्या थोडा खाली राहत होता.

मग मी आठवा लावला. २०१८ चा, 'सही करा इथं'. पहिलाच शब्द 'सही', आणि तो 'स' सुरीसारखा धारदार. नवव्यातही तसाच.

गेलेले कान असे परत येत नाहीत. तिथं गाणारा माणूस दुसरा होता.

मी पुन्हा पहिल्या अल्बमवर गेले. तिथं काही गाण्यांत मागून एक दुसरा आवाज साथ देतो. कॅसेटच्या कागदावर त्याचं नाव छापलं होतं. दुपारी मी सीडी घेऊन कृष्णातच्या दुकानात गेले आणि त्याला सांगितलं की आठव्या आणि नवव्या अल्बममध्ये तो गायला आहे.

त्यानं नाही म्हटलं नाही. उलट खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा बसला. आठव्याच्या वेळी भूषणचा आवाज लागेचना, असं त्यानं सांगितलं. अण्णांनी चार-चारदा घेऊन बघितलं. भूषणला मात्र सगळं झकास वाटत होतं. त्याला तोंडावर कसं सांगायचं? तो गेल्यावर कृष्णात हुबेहूब त्याच्यासारखा गायला. शाळेपासून तो भूषणची नक्कल करायचा. अण्णांनी भूषणच्या आवाजाच्या जागी तो चढवला. अल्बम आला, लोकांनी भूषणचं कौतुक केलं, भूषण खूश झाला. नवव्याला पुन्हा तेच.

"घसा गेलाय म्हणून आमी समजलो," कृष्णात म्हणाला. "त्येचं गाणं हेच त्येचं घर हाय, मॅडम. त्येला भाईर काढायचं माझ्यानं झालं न्हाय. पर टेपा मी नेल्या न्हाईत. नेल्या आसत्या तर बरं झालं आसतं, आसं वाटलतं एकदा."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तो नुसत्या दयेपोटी नव्हे. आम्ही बोलत असताना माझं घड्याळ वाजलं होतं आणि त्यानं त्याच्याकडे बघितलं होतं. कृष्णातला बारीक आवाज ऐकू येत होता. कपाट त्यानं उघडलं असतं तर सगळ्यात आधी लाल बटण दाबलं असतं. वृषभनंही दाबलं असतं. गजर फक्त अशा माणसानं वाजू दिला असता, ज्याच्यासाठी तो वाजतच नव्हता.

४

बुधवारी सकाळी मी मलकापूरची एसटी धरली. बुद्धभूषणची थोरली बहीण पारूबाई अंगणात भांडी घासत होती. मी दाराची कडी वाजवायला हात वर केला, तशी ती म्हणाली, "वाजवू नगा पावणं. वाजवून त्येला काय उपेग न्हाय. जावा तशाच आत."

अण्णांना आणि बँडमधल्या दोघांना इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं, ते तिला माहीत होतं.

आत एक खोली होती. भिंतीवर १९५६ साली दीक्षेला नागपूरला गेलेल्या आजोबांचा फोटो. बुद्धभूषण उठला, मला खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खिडकीकडं पाठ करून बसला. असं बसलं की समोरच्याच्या ओठांवर उजेड पडतो. माझे निम्मे पेशंट असेच बसतात. मग तो बोलायला लागला. पहिला अल्बम, गुऱ्हाळातलं कुत्रं, गणपतीच्या स्टेजवरून खाली ओढलं होतं तो प्रसंग. छान बोलत होता, हसवत होता, आणि मला एका वाक्याचीही जागा देत नव्हता. जो बोलत राहतो त्याला ऐकावं लागत नाही.

मी उठून आजोबांच्या फोटोकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "टेपा कुठं ठेवल्यात?"

मागं तो कुत्र्याचीच गोष्ट सांगत राहिला.

मी वळले, त्याच्यासमोर बसले आणि सावकाश म्हटलं, "मी आत्ता तुम्हाला एक प्रश्न विचारला होता."

तो थांबला. मी कपाटाच्या गजराचं सांगितलं. त्याची नजर माझ्या ओठांवर होती.

"वाजत हुता?" त्यानं विचारलं.

"वीस मिनिटं. रस्त्याच्या पलीकडं मला ऐकू आला."

"मला वाटलं अण्णानं काढून टाकला आसंल." मग त्यानं पलंगाखालून एक ट्रंक ओढली. नऊ खोके नीट लावून ठेवलेले होते, वर पारूबाईचं जुनं लुगडं पांघरलेलं.

पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वर्गात पोरं प्रश्न विचारायची आणि तो भलतंच उत्तर द्यायचा. पोरं हसायची, म्हणून त्यानं शाळा सोडली. स्टेजवर ड्रमचा ठोका पायातून कळायचा, पण गिटार कुठं पोचली ते कळेना, म्हणून स्टेज सोडलं. मित्रांना सांगितलं असतं तर त्यांनी बँड बंद केला असता. आणि बँड बंद झाला तर त्याच्याकडं कोण कशाला येणार होतं? मग बंगळूरच्या पोराची बातमी आली. तो म्हणे प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून ऐकणार.

"गिटारीच्या आड लपलंय तवर ठीक हाय," तो म्हणाला. "एकटा आवाज भाईर काढला की कुणालाबी कळंल, ह्यो मानूस बहिरा हाय. म्हणून आनल्या. जाळायला आनल्यात्या. हात झाला न्हाय."

मी ट्रंकेकडे बघत होते. त्यानं आपला बहिरेपणा मित्रांपासून लपवला होता, आणि मित्रांनी त्याचा ढळलेला सूर त्याच्यापासून. जो आवाज कुणी ऐकू नये म्हणून त्यानं चोरी केली, तो शेवटच्या दोन अल्बममध्ये नव्हताच. हे या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात त्यानं तेच विचारलं.

"तुमी कानाच्या डॉक्टर हाय. खरं सांगा. शेवटच्या दोन अल्बममध्ये माझा आवाज कसा लागलाय? लोक लई चांगलं म्हणत्यात."

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्या आधी दोघं जण सात वर्षं तेच करत आले होते.

"ते मी नाही सांगणार," मी म्हणाले. "कृष्णात सांगेल. पण ते उत्तर ओठांवरून वाचायचं नाही, कानांनी ऐकायचं. शुक्रवारी क्लिनिकला या."

५

शुक्रवारी तो ट्रंक घेऊन क्लिनिकला आला. अण्णा, वृषभ आणि कृष्णातलाही मी बोलावलं होतं. अण्णांनी खोके मोजले नाहीत. त्यांनी फक्त बुद्धभूषणच्या दंडाला हात लावला. वृषभ येताच भूषणनं स्वतः त्याला सांगितलं की मला ऐकू येत नाही. वृषभनं आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. घमेंडीबद्दल जे जे बोलला होता ते त्याला आठवत असावं.

काचेच्या तपासणीखोलीत मी बुद्धभूषणची तपासणी केली, दोन्ही कानांना मशीन लावली आणि बजावलं की पहिले काही दिवस सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं लागेल. पंखा सुरू झाला तसा तो दचकला. मग कृष्णात त्याच्यासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, खाली न बघता. ते सोपं नव्हतं. दोनदा त्याला थांबावं लागलं.

बुद्धभूषणनं आठवा अल्बम लावायला सांगितला. तीन गाणी ऐकली. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता.

"मी आसा म्हणत हुतो व्हय?"

"तरणा आसताना," कृष्णात म्हणाला. "माझ्या ध्यानात हाय तसा म्हटलोय."

"आन् माझा? माझा पुसलाय?"

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. पुसायला हात झाला नव्हता. नवव्या अल्बमच्या डिस्कवर, खाली, तो आवाज तसाच होता. अल्बमचं नाव 'कुणी हाय काय'. अण्णांनी बरोबर आणलेल्या लॅपटॉपवर गिटार, ड्रम आणि कृष्णातचा आवाज बंद केला आणि तो एकटा आवाज लावला.

तो वाईट होता. सूर कुठं धरायचा ते न समजल्यासारखा वर जात होता, खाली येत होता, शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या. वृषभ मान फिरवून भिंतीकडं बघायला लागला. मी आवाज बंद करायला हात पुढं केला, तर बुद्धभूषणनं माझा हात धरला. गाणं संपेपर्यंत त्यानं ऐकलं.

"ह्यो मानूस लई एकटा हाय," तो म्हणाला. "आन् ह्येला कुणी सांगितलं न्हाय."

"मी सांगाया पायजे हुतं," कृष्णात म्हणाला.

"मीबी सांगाया पायजे हुतं."

त्यापुढं त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण मी बाहेर येऊन बसले. त्या चौघांच्या अठ्ठावीस वर्षांत माझी जागा नव्हती. काचेतून दिसत होतं की बोलतोय कृष्णात आणि बुद्धभूषण आता त्याच्या ओठांकडं न बघता डोळे मिटून बसला आहे.

संच निघाला. तिसऱ्या अल्बममधलं ते गाणं वृषभनं राहू दिलं. बुद्धभूषण मशीन रोज लावत नाही, त्यानं डोकं भणभणतं म्हणतो. माझ्याकडं तो महिन्यातून एकदा तपासणीला येतो, आणि काम झाल्यावरही थोडा वेळ बसतो. आम्ही दोघंही फारसं बोलत नाही. आठव्या आणि नवव्या अल्बमवर आता गायक म्हणून दोन नावं आहेत, आणि दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येतात, कृष्णातचा सुरात आणि बुद्धभूषणचा त्याच्या बाजूनं, कधी मागं पडत, कधी भलतीकडं जात. ते एकमेकांत बसत नाहीत. शांतिनाथ अण्णांनी ते बसवलेलेही नाहीत.